लाल गाडी, आष्टीचा रस्ता आणि कुळीथ

चंद्रपूर
रविवार, १४ डिसेंबर १९८६

वही सात महिने माझ्याकडे पडून राहिली, याबद्दल तुम्हा सहाही जणींची माफी मागते. होस्टेल सोडताना ठरलेला आपला नियम महिन्याचा: लिहायचं आणि वही पुढच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर टाकायची. विमलची दोन कार्डं आली. दुसऱ्यावर फक्त "वही आहे की वाळवी?" एवढंच होतं. सात महिन्यांपैकी सहांना कारणं आहेत: परीक्षा, पेपर तपासणं, मनोहरांचा टायफॉइड. सातव्याला नाही. गेला महिनाभर मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवत होते, आणि ती लपवून दुसरं काही लिहायला हात धजेना.

मी मोटार घेतली आहे. जुनी, पण साधी नाही. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे खाणीतले एक निवृत्त इंजिनिअर राहतात. ते इंग्लंडहून परतताना ही बरोबर घेऊन आले. लाल, बुटकी, बाजूला दोनच दारं आणि तिसरं दार पाठीला, वर उघडणारं. इंजिन आडवं. गिअर पाच! इंजिनिअरसाहेब तिकडे हिला शर्यतीत पळवायचे म्हणे. मी चाळिशी उलटल्यावर भावाच्या टॅक्सीवर गाडी शिकले, हे तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबरात साहेबांनी सहज किल्ली हातात दिली, "बघा चालवून," म्हणाले. लोहाऱ्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये मी पाय दाबला, आणि पाठ सीटला चिकटली. त्या रात्री झोप आली नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी एखाद्या लोखंडी वस्तूमुळे झोप जावी याची मला लाज वाटली. लाजेने झोप आली असं मात्र झालं नाही.

आमच्या घरात वस्तूला कारण लागतं. सायकल घेतली ती शाळा लांब म्हणून, घड्याळ परीक्षेसाठी, प्लॉट भावंडांसाठी. ह्या गाडीला कारणच सापडेना. कॉलेज घरापासून पायी दहा मिनिटं. मनोहर शाळेत गणित शिकवतात, त्यांची शाळा त्याच्याही अलीकडे. तरी घेतली. साहेब सज्जन माणूस. म्हणाले, "कागद माझ्याच नावावर राहू द्या. चौदा डिसेंबरच्या रविवारी संध्याकाळपर्यंत मन बदललं तर गाडी परत, पैसे परत. त्यानंतर मी नागपूरला मुलाकडे चाललो."

मन रोज बदलत होतं. महिनाभर मी गाडी पहाटे किंवा दिवेलागणीला, ओळखीचं कोणी नसेल अशा रस्त्यांवर चालवली. मागे घेताना फाटकाला घासली. थंडीत चोक किती ओढायचा ते कळेपर्यंत शेजारच्यांची झोप मोडली. पण कॉलेजात एकदाही नेली नाही. स्टाफरूममध्ये काय म्हणतील, मागच्या बाकावरच्या मुली काय म्हणतील? आणि ते म्हणतील त्यात खोटं काय असेल? शेवटी मनोहर म्हणाले, "तू पेपर तपासतेस तशी हिला तपास. चार दिवस रजा घे, अहेरीपर्यंत जाऊन येऊ. पास की नापास, रविवारी ठरव."

म्हणून हा प्रवास. तुमच्यापैकी कोणी कधी इकडे येणार असेल तर उपयोगी पडेल, म्हणून तपशीलही लिहिते आहे.

गुरुवारी सकाळी सातला निघालो. मूलपर्यंतचा रस्ता चांगला, दोन्हीकडे जंगल, गारठा बोचरा. मूलला बसस्टँडजवळ आलुबोंडा आणि त्यावर पळीभर तिखट रस्सा खाल्ला. दोघांचं चहासकट तीन रुपयांत भागलं. बाहेर येईपर्यंत गाडीभोवती पंधरा माणसं. एक म्हातारा वाकून पुढची जाळी बघत होता. मी दार उघडून बसले तसा तो मनोहरांना म्हणाला, "भाऊ, तुमाले चालवता नाई येत का?"

"नाही बा," मनोहर म्हणाले.

"शिकून घ्या ना मंग. बाई रागावली तं पायी जा लागन."

सावली गावाच्या पुढे जंगलखात्याचा नाका लागला. सागवान चोरून नेतात म्हणून इथे प्रत्येक गाडीची डिकी बघतात. गार्ड मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला. "मॅडम, डिकी कुठी हाय?" मी उतरून मागचं दार उघडलं. काचेसकट सगळी पाठ वर गेली. तो दोन पावलं मागे सरला. "अरे बाप! गाडीच फाकली!" मग त्याने आतल्या साथीदाराला हाक मारली, त्याच्यासाठी दार पुन्हा लावून पुन्हा उघडायला लावलं, आणि आत सागवान आहे की नाही हे बघायचं दोघंही विसरले. मीच आठवण करून दिली. मनोहर म्हणतात, आपण होऊन झडती मागणारी बाई त्या नाक्याने पहिल्यांदाच पाहिली असेल.

वैनगंगेच्या पुलावर थांबून पाणी बघितलं आणि दुपारी गडचिरोलीला पोचलो. जिल्हा होऊन चारच वर्षं झालीत, गावात बांधकामांची धूळ आहे. विश्रामगृहात खोली आधी पत्र टाकून घ्यावी. जेवण साधं: भात, वरण, वांग्याची भाजी, माणशी सहा रुपये. पेट्रोल इथेच टाकीभर घ्या, पुढे मिळेल या भरवशावर राहू नका. लिटर आठ रुपयांच्या आसपास आहे. हिला ते आवडतं. फार आवडतं.

शुक्रवारी चामोर्शी सोडल्यावर मार्कंड्याची जुनी दगडी देवळं बघायला आत वळलो. तुम्ही जरूर बघा, पण बैलगाडीने किंवा पायी. हिचं पोट जमिनीपासून वीतभरच वर आहे. एक नाला लागला. हिवाळ्यात पाणी ओसरलं की गावकरी असल्या नाल्यांत बांबूच्या तट्ट्या अंथरून, वर माती टाकून वाट करतात. बैलगाड्या, जीप मजेत जातात. हिचं पोट पहिल्याच तट्टीला घासलं. मग मनोहर उतरून काठी घेऊन पुढे चालले, एकेक उंचवटा मोजत, आणि मी त्यांच्यामागे गोगलगाईसारखी. शर्यतीत पळालेली गाडी माणसाच्या मागे चालत होती. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. मागे कोंबड्यांची टोपली बांधलेली. वळून विचारलं, "भाऊ, गाडी बिमार हाय का? दवाखान्यात नेऊन राह्यले का?"

देवळांतली शिल्पं तासभर बघितली. त्यांच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. इथे लिहीत नाही, कारण खरं सांगायचं तर त्या तासातली वीस मिनिटं मी परत जाताना तो नाला कसा पार करायचा याच विचारात होते. वस्तू माणसाचं लक्ष खाते, हे गाडी परत करण्याच्या बाजूचं एक कारण म्हणून मी मनात टिपून ठेवलं.

आष्टीला मासे खाल्ले. नदीतले ताजे, हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर परतलेले. त्यांच्यासाठी पुन्हा जाईन. आष्टी ते आलापल्ली रस्ता घनदाट सागाच्या जंगलातून जातो, आणि त्यात एक लांबलचक सरळ तुकडा आहे. समोर काही नाही, मागे काही नाही. चौथ्यातून पाचवा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज एकदम खाली उतरला आणि झाडं नुसती रेघ झाली. मनोहरांनी समोरचा कप्पा, हातमोज्यांचा म्हणतात तो, दोन्ही हातांनी धरला. एक मिनिट, फार तर दीड. मग मीच पाय काढला. हरणं निघाली तर? पोरं निघाली तर? मनोहर थोड्या वेळाने म्हणाले, "तुझं तोंड आत्ता बघायला पाहिजे होतंस." मला ते ऐकून बरं वाटलं आणि लगेच अपराधीही वाटलं. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं, ते तुमच्यापैकी मानसशास्त्रवालीने सांगावं.

शनिवार अहेरीत. बाजारात तेलुगू, गोंडी, मराठी एकमेकांच्या अंगावर सांडत असतात. प्राणहिता नदीपलीकडून आलेल्या मिरचीवाल्या बाईने गाडीकडे बोट दाखवून शेजारणीला "एर्र कारू" म्हणून सांगितलं आणि दोघी खुदकन हसल्या. लाल गाडी, एवढंच ते. पण मी दिवसभर त्या हसण्याचा अर्थ लावत बसले. रात्री मनोहरांना सांगून टाकलं, "परत करते. माझ्यात आणि तिच्यात मीच कमी पडते." ते म्हणाले, "रविवार उद्या आहे." इतकंच.

रविवारी, म्हणजे आज सकाळी, साडेसातला निघालो. घाई होती. संध्याकाळच्या आत साहेबांकडे पोचायचं होतं. दक्षिणेकडून ढग येत होते.

आष्टी सोडून चामोर्शीकडे आठ-दहा किलोमीटर आलो असू. समोर अर्धा रस्ता वाळलेल्या वेलींनी झाकलेला. कडेला दगड मांडून हद्द आखलेली. दुसऱ्या अर्ध्यावर भरलेली बैलगाडी उभी, बैल सोडलेले. मी उतरून बघितलं. कुळीथ. शेंगांसकट वेली पसरल्या होत्या.

आता माझी चूक सांगते. माझी आई कापणी संपली की दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत सिला वेचायची, म्हणजे गळून पडलेल्या ओंब्या एकेक करून गोळा करायची. त्यावर आमचे दोन-तीन महिने निघत. दाण्यावर चुकून पाय पडला तर तो उचलून कपाळाला लावायचा, हे आम्हा भावंडांच्या हाडात आहे. धान्यावर चाक घालणं मला शक्यच नव्हतं. मनोहरांना म्हटलं, "वेली हलक्या हाताने बाजूला करू, गाडी काढू, परत होत्या तशा पसरवू." आम्ही दोघं कामाला लागलो. दहा-बारा हात रस्ता मोकळा करून वेलींचा सुबक ढीगही रचला. मला स्वतःच्या सभ्यपणाचं समाधान वाटत होतं.

तेवढ्यात शेतातून आरडाओरडा करत पाच बायका पळत आल्या. पुढे साठीची, काटक, कमरेला विळा खोचलेली.

"अवो बाई! काऊन उचलून राह्यलीस वो? सकाळपासून पसरवून ठेवली आमी!"

"तुमच्या धान्यावर गाडी जाऊ नये म्हणून..."

"गाडी जावी म्हणूनच तं ठेवली ना!"

दुसरी म्हणाली, "शिकेल-सवरेल दिसते. म्हणूनच."

मग कळलं. इकडे कुळीथ, उडीद असा रस्त्यावर टाकतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या, ट्रक तो मळून देतात. इतकी वर्षं चंद्रपुरात राहून मला हे माहीत नव्हतं. आज सकाळची एसटी आलीच नव्हती. रविवार, त्यामुळे ट्रक नाहीत. बैलांनी मळावं तर बैल दुसऱ्याचे, आणि तो ते घेऊन आपलं धान वाहायला निघालेला. आभाळ भरून येत होतं. भिजली तर शेंग कुजणार. त्या काटक बाईचं नाव गिरजाबाई. कुळीथ तिचा होता, दोन धुऱ्यांवरचा, म्हणजे बांधांवरचा, वर्षभराचा.

"चालव ना बाई," ती म्हणाली. "चार फेऱ्या मार. तुझं काई जाते का?"

मी मनोहरांकडे बघितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग आभाळाकडे, आणि आमचा सुबक ढीग पुन्हा पसरायला सुरुवात केली.

पहिली फेरी मी श्वास रोखून मारली. चाकाखाली शेंगा फुटल्या तो आवाज सीटमधून अंगात आला. आईची क्षमा मागितली. वळवून परत आले. गिरजाबाईने वेल उचलून झटकली. "फुटून नाई राह्यली. गाडीले वजनच नाई! नुसती सोंगाडी हाय." इतक्या दिवसांत गाडीची इतकी अचूक परीक्षा कोणी केली नव्हती.

"मंग आपण बसू ना," एकजण म्हणाली.

आणि त्या बसल्या. मागच्या सीटवर तिघी, पुढचं सीट वाकवून, एकमेकींचे पदर तुडवत. चौथीला जागा नाही, तर तिने मागचं दार उघडायला लावलं आणि पाठमोरी, पाय बाहेर सोडून बसली. "मी इथी मस्त हाय. झुला हाय झुला!" गिरजाबाई पुढे, माझ्या शेजारी, विळा मांडीवर. मनोहर रस्त्यावर काठीने वेली वरखाली करायला. पहिला गिअर, माणूस चालेल तेवढा वेग. शेंगा आता कडाकड फुटायला लागल्या. मागे गाणं सुरू झालं. वळताना झुल्यावरची ओरडायची, "हळू वो, माह्यी चप्पल पडली!"

पाचव्या की सहाव्या फेरीला गिरजाबाईने विचारलं, "गाडी ह्या भाऊनं घेऊन देल्ली?"

"नाही, मीच घेतली."

"कायले?"

मी ठेवणीतलं सांगायला लागले. "कॉलेजला जायला..."

"कालेज किती दूर हाय?"

"दहा मिनिटं. पायी."

मागे हशा. गिरजाबाई हसली नाही. "मंग कायले घेतली?"

"आईला दवाखान्यात न्यायला वगैरे..."

"माय बिमार हाय?"

"नाही. भावाकडे असते, ठणठणीत आहे." महिनाभर मी स्वतःला हीच उत्तरं देत होते, पण मोठ्याने ऐकली नव्हती. म्हटलं, "हौस म्हणून घेतली, बाई."

"हां. मंग तसं म्हण ना. चोरल्यावाणी काऊन सांगतेस?"

ती खिडकीबाहेर कुळथाकडे लक्ष ठेवून बोलत होती. "मले नाटकाची हौस. मंडईच्या जत्रेत नाटक असलं का तीन कोस पायी जातो आमी. रातभर पाहातो, सकाळी तसंच कापणीले जातो. डोळे असे लाल! नाटकानं का पोट भरते? तरी जातो. पोरगा म्हंते, बुडे, आता राह्यू दे. म्या म्हंतो, राह्यू देलं असतं तं तुह्यावाणी झाली असती." मागच्या तिघी पुन्हा हसल्या. ती पुढे म्हणाली, "कष्ट केले ना तू? मंग. वळव आता, तिकडली बाजू राह्यली."

मी वळवली.

चौदाव्या फेरीला जळका वास आला. वेली खाली सायलेन्सरला गुंडाळल्या होत्या, धूर निघत होता. मी किंचाळले, बायका तीन दारांतून सांडल्या. मनोहरांनी रस्त्यावर आडवं होऊन छत्रीच्या मुठीने वेली ओढल्या, बायकांनी कडेच्या नाल्याचं पाणी मारलं. दोन मिनिटांत शांत. मनोहरांच्या एकुलत्या चांगल्या स्वेटरला भोक पडलं, आणि तेवढ्यावर निभावलं. तुम्हापैकी कोणाला असा प्रसंग आला तर दर दोन फेऱ्यांना गाडीखाली बघा. मी बघायला हवं होतं.

त्यानंतर आम्ही तसंच केलं, आणि एकूण तीसेक फेऱ्या झाल्या. वेली झटकून बाजूला केल्या, दाणे झाडून पोत्यांत भरले. शेवटचं पोतं शिवताना थेंब पडायला लागले. गिरजाबाईने पायलीभर कुळीथ फडक्यात बांधून माझ्यापुढे धरला.

"नको, नको," मी म्हटलं.

"खळ्यावर काम केलं तं वाटा भेटते. गाडीवाली झाली म्हणून फुकट करशीन का?"

मी घेतला. दोन्ही हातांनी घेतला. आईलाही खळ्यावर असाच वाटा मिळायचा, पण तो मागावा लागायचा.

उशीर झाला होता. चामोर्शी, गडचिरोली, मूल, कुठेच थांबलो नाही. मनोहर मूलजवळ म्हणाले, "साहेबांना काय सांगणार?" मी म्हटलं, "ठरवते." ते गालात हसत होते.

साडेसहाला साहेबांच्या फाटकाशी थांबले. ते अंगणात दिव्याच्या उजेडात येरझाऱ्या घालत होते. गाडी बघून त्यांनी चष्मा पुसला. पुढच्या जाळीत वेली, काचेवर चिखल, आत सीटवर गवत.

"शेतात घातली होती का?" त्यांचा आवाज जरा चिरकला.

"नाही साहेब, शेत रस्त्यावर आलं होतं." मी सगळं सांगितलं. पाच बायका ऐकून त्यांचा चेहरा पडला, सायलेन्सरचं ऐकून ते खाली वाकले, आणि वाकल्या वाकल्याच हसायला लागले. उठून विचारलं, "म्हणजे परत करायला आलात ना? मी म्हणालो होतो तसं, माझी काही हरकत नाही."

महिनाभर पाठ केलेली कारणं जिभेवर होती. "नाही," मी म्हटलं. "हौस आहे म्हणून ठेवते आहे. तेवढंच सांगायला आले." त्यांनी मान डोलावली. आत जाऊन कागद आणले आणि ओट्यावरच, डास मारत, सह्या करून दिल्या.

आता घरी आहे. मनोहर स्वेटरचं भोक दिव्यापुढे धरून बघताहेत. कुळीथ भिजत घातला आहे. अंगाला धुराचा वास आहे. मागच्या सीटवर हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला, कोणाचा ते कळायला मार्ग नाही. प्रवासातून काय राहिलं असं तुम्ही विचाराल तर देवळं राहिली, मासे राहिले, तो सरळ रस्ता राहिला. आणि अजूनही मला वाटतं की इतक्या वेगाची मला गरज नाही. वाटू दे. विमल, वही या आठवड्यात टपालात पडेल, वाळवीशिवाय.

उद्या: पहिला तास साडेसातचा. कॉलेजला गाडी घेऊन जायची.